नाशिकचे कार्यक्रमपत्रक : प्रकल्प नोंदी, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५

८ सप्टेंबर, सोमवार

परवा शनिवारी गणपतींचे विसर्जन झाले, ढोलांचा आवाज कानातून अजून पुरता गेलेला नाही, आणि ज्या कामाला आम्ही वर्षभर ‘गणपतीनंतर बघू’ म्हणत होतो त्याला आता सबब उरलेली नाही. काम एवढेच आहे की नाशिकमध्ये येत्या पंधरा दिवसांत होणारी नाटके, गाण्याच्या मैफली, नृत्याचे कार्यक्रम आणि चित्रप्रदर्शने यांची एका कागदावर पाठपोट यादी करायची, तिच्या साठ प्रती काढून वाचनालये, गाण्याचे वर्ग, दोन किराणा दुकाने आणि एक चहाची टपरी अशा ठिकाणी लावायच्या, आणि त्याच कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. आम्ही तिघे आहोत. निवृत्त ग्रंथपाल असलेले काका फोन करतील, महाविद्यालयात शिकणारी माझी भाची मांडणी करील आणि मी फिरेन व ही वही ठेवीन.

कारण नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कंटाळा आला की वाचता येईल. ऑगस्टमध्ये एकाच संध्याकाळी गंगापूर रोडच्या परिसरात दोन मैफली होत्या, एक गायनाची आणि एक सतारीची. दोन्हीकडे पंचवीस-तीस माणसे होती आणि दोन्हीकडच्या आयोजकांनी समारोपात जवळपास सारख्याच शब्दांत खंत व्यक्त केली की नाशिकमध्ये गाणे ऐकणारे उरले नाहीत. एका ठिकाणचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या ठिकाणचा उत्तरार्ध मी ऐकला, म्हणून हे मला कळले. त्या दोघांना एकमेकांच्या कार्यक्रमाची कल्पनाही नव्हती.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिली फेरी मारली. शालिमारजवळचे महाकवी कालिदास कलामंदिर महापालिकेचे आहे आणि २०१८ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा सुरू झाले. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके मुख्यतः तिथेच लागतात. परशुराम साईखेडकर नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचे आहे, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या संस्थेचे, आणि हौशी रंगकर्मींचा राबता तिथे अधिक आहे. कुसुमाग्रज स्मारकात कवितावाचन, छोट्या मैफली, प्रकाशने आणि प्रदर्शने होतात. शंकराचार्य संकुलात शास्त्रीय गाणे होते. पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात याच पंचवटीत रामनामाचा आश्रम काढला होता, ही गोष्ट तिथल्या रिक्षावाल्यांपैकी एकाने मला आपणहून सांगितली आणि भाडेही वाजवी घेतले.

नाट्यगृहाबाहेरचा फलक हा सर्वांत भरवशाचा आधार असेल अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी ठरली. फलकावर आज संध्याकाळचा आणि फार तर रविवारचा प्रयोग असतो, आणि कालचा कार्यक्रमही काही वेळा तसाच राहिलेला असतो. खरी माहिती तिकीट खिडकीच्या आत आहे. तिथे प्लॅन असतो, म्हणजे खुर्च्यांच्या रांगांचा छापील नकाशा, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक खुर्चीवर पेनने फुली पडते. आता बरीच विक्री मोबाइलवर होत असली तरी खिडकीवरच्या गृहस्थांनी कागदाचा प्लॅन सोडलेला नाही. त्यांच्या मते पहिल्या चार रांगांवर फुल्या कधी पडल्या यावरून नाटक चालणार की नाही हे त्यांना गुरुवारीच समजते. आज गुरुवार होता आणि त्यांच्यासमोरच्या प्लॅनवर सहा फुल्या होत्या. त्यांनी काही न बोलता तो कागद उलटा ठेवला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मांडणीवरून वाद झाला आणि तो उपयोगी ठरला. भाचीने तारखांचा सरळ तक्ता केला होता: एक ते पंधरा, समोर कार्यक्रम. काकांनी तो बाजूला सारला. त्यांचे म्हणणे असे की नाशिकचे कार्यक्रम एकाच कालगणनेने चालत नाहीत. काही तारखेला बांधलेले आहेत: २७ फेब्रुवारी हा शिरवाडकरांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन, १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन, आणि मे महिना संपूर्ण गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेचा. काही तिथीला बांधलेले आहेत: कोजागरी, पाडवा पहाट, त्रिपुरी पौर्णिमा, गुरुपौर्णिमेच्या गुरुवंदनाच्या मैफली. आणि उरलेले सगळे वाराला बांधलेले आहेत, कारण नाटकाचा दौरा शनिवार-रविवार सोडून नाशिकला येणे परवडत नाही.

तिन्ही प्रकारांची सूचना मिळण्याची पद्धतही वेगळी आहे, हे काकांनी सांगितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तारखेच्या कार्यक्रमाची माहिती वर्षभर आधी असते, फक्त कलाकार कोण ते उशिरा ठरते. तिथीच्या कार्यक्रमाचे सर्वांना ठाऊक असते, म्हणून कोणी कळवतच नाही. वाराच्या कार्यक्रमाची जाहिरात आठवडाभर आधी येते आणि रद्द झाल्याची येतच नाही. तेव्हा तक्ता तारखांचाच राहील, पण प्रत्येक नोंदीच्या कडेला ‘ता’, ‘ति’ किंवा ‘वा’ असे अक्षर असेल. ते वाचकांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. त्यावरून पुन्हा फोन केव्हा करायचा ते ठरते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहिले पत्रक निघाले. एकूण चौदा नोंदी. हाती आलेल्या बावीसपैकी आठ गाळल्या, कारण त्यांना दुसरा दुजोरा मिळाला नाही. नियम असा ठरला आहे की आयोजकाचे सांगणे हा एक आधार आणि सभागृहाच्या नोंदवहीत आरक्षण असणे हा दुसरा. दोन्ही जुळले तरच छापायचे. एका उत्साही संस्थेने कार्यक्रमाची सुंदर निमंत्रणपत्रिका पाठवली होती, पण सभागृहाच्या कार्यालयात त्या दिवशी एका लग्नाच्या स्वागत समारंभाचे आरक्षण निघाले. संस्थेला कळवले तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

तिकिटाच्या दराचा रकाना ठेवावा की नाही यावर मी ठेवावा या बाजूने होतो. घरातून निघण्याआधी माणूस मनात पहिला हिशोब तोच करतो. भाचीने विचारले की बहुतेक नाटकांचे सर्वांत महाग तिकीट ५०० रुपयांवरच का अडते. त्याचे एक कारण कराचे आहे: नाटकाच्या प्रवेशशुल्कावर प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंत वस्तू व सेवा कर लागत नाही, आणि त्यापुढे गेले की लागतो. चौघांचे कुटुंब, गाडीचे पेट्रोल आणि मध्यंतरातला बटाटावडा धरला तर ती रक्कम लहान नाही, म्हणून बाल्कनीचा दरही लिहायचा असे ठरले.

२४ सप्टेंबर, बुधवार

नवरात्र सुरू झाले. दांडिया हा ‘प्रत्यक्ष संगीताचा कार्यक्रम’ धरावा काय, असा प्रश्न भाचीने गंभीरपणे विचारला. वादक समोर बसून वाजवत असतील तर धरावा, पेन ड्राइव्ह वाजत असेल तर धरू नये, असा निवाडा काकांनी दिला. या कसोटीवर बावीसपैकी तीन मैदाने टिकली.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस लागून राहिला आहे आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू आहे. पुलावर जाऊन पाहून आलो. दुतोंड्या मारुती पाण्यात उभा आहे. नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात. आमच्या कामाच्या दृष्टीने अर्थ एवढाच की घाटावरची कोणतीही नोंद या पंधरवड्यात छापण्यासारखी नाही. नदीकाठच्या पटांगणांवर होणाऱ्या कार्यक्रमांपुढे यापुढे जून ते सप्टेंबर या काळात पर्यायी जागा विचारून घ्यायची आणि ती मिळाली नाही तर नोंद घ्यायची नाही, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

आजच्या एका नाटकाच्या प्रयोगाला मंडळींची बस पाऊण तास उशिरा पोहोचली. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जूनला खुला झाल्यापासून मुंबईहून येणाऱ्यांची कसाऱ्याच्या घाटातून सुटका झाली असे सर्व सांगतात, पण पावसात इगतपुरीपासून नाशिकपर्यंतचा रस्ता आपला हिशोब वसूल करतोच. सेट लागेपर्यंत प्रेक्षक बाहेर छत्र्या निथळत उभे होते. तिसरी घंटा झाली तेव्हा कोणाचीही तक्रार नव्हती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागरी झाली. पत्रकात कोजागरीच्या सहा नोंदी होत्या, त्यांपैकी आमच्या भागातल्या एका वसाहतीच्या गच्चीवरच्या मैफलीला गेलो. या कार्यक्रमाची मूळ अडचण अशी की परंपरा मध्यरात्रीची आहे, ‘को जागर्ति’ असे लक्ष्मी तेव्हाच विचारते आणि दूधही चंद्र डोक्यावर आल्यावर प्यायचे असते. पण ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत आणि उघड्या जागेवर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही. शासनाने वर्षातल्या ठरावीक दिवसांसाठी बारापर्यंत सूट दिली तरच ती मिळते, आणि असे दिवस पंधराच्या वर जाऊ शकत नाहीत. बंद सभागृहाला हे बंधन नाही, म्हणून आयोजक सभागृह पाहतात; आणि सभागृहात चंद्र दिसत नाही.

कालच्या गच्चीवर गायिका स्थानिक होत्या, साथीला तबला आणि पेटी, बसायला सतरंज्या, आणि पाण्याच्या टाकीला बांधलेला एक दिवा. कार्यक्रम आठऐवजी पावणेनऊला सुरू झाला, त्यामुळे दहाला पाच मिनिटे कमी असताना ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या मुलाने लांबून हात दाखवला आणि भैरवी तर राहिलीच होती. गायिकांनी मायक्रोफोन हाताने बाजूला केला, तबल्याला हळू वाजवायची खूण केली आणि भैरवी तशीच म्हटली. मागच्या रांगा आपोआप पुढे सरकल्या. कोणीतरी दुधाच्या पातेल्यातला डाव हलवणे बंद केले, कारण त्याचा आवाज होत होता. चाळीस माणसे होती. त्यांपैकी अकरा जण पत्रक वाचून आले होते. भाचीने दाराशी विचारून मोजले, म्हणून आकडा खात्रीचा आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आमची पहिली मोठी चूक झाली. दिवाळीचे पत्रक काल छापून वाटले आणि आज सकाळी साडेसातला एका आजींचा फोन आला. पत्रकावर खाली काकांचा नंबर असला तरी त्यांनी कोणाकडून तरी माझा मिळवला होता. “अहो, लक्ष्मीपूजनाच्या पहाटे पाडवा कसा लिहिलात तुम्ही? आमच्याकडे दाते पंचांग आहे, त्यात बुधवारी आहे.” पत्रक काढून पाहिले तर चारही पाडवा पहाटेच्या नोंदींपुढे मंगळवार, २१ ऑक्टोबर असे होते.

चूक अशी घडली. भाचीने मोबाइलच्या दिनदर्शिकेत दिवाळी पाहिली, तिथे ती सोमवारी २० तारखेला होती, आणि पाडवा दुसऱ्या दिवशी म्हणून तिने २१ धरली. यंदा अमावास्या सोमवारी दुपारी सुरू होऊन मंगळवारी संध्याकाळी संपते. उत्तरेकडे बहुतेकांनी सोमवार धरला आहे आणि आपल्याकडच्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन मंगळवारी व पाडवा बुधवारी २२ तारखेला दिला आहे. ‘ति’ हे अक्षर कडेला छापून आम्ही स्वतःच ठरवले होते की तिथीची नोंद पंचांगाशी ताडायची, आणि नेमके तेच केले नाही. दोष तिचा एकटीचा नाही, छापण्यापूर्वी वाचणारा मी होतो.

साठपैकी एक्कावन्न प्रती गोळा झाल्या, त्यांवर लाल पेनने दुरुस्ती केली. चहाच्या टपरीवरची प्रत भज्यांच्या कामी आली होती, तिचा प्रश्न मिटला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मात्र कुठवर गेला ते सांगता येत नाही. दुरुस्तीचा फोटो पाठवला आणि आजींना दुपारी पंचांग दाखवायला या म्हणून बोलावणे आले, तिथे काका जाऊन आले. यापुढे तिथीच्या प्रत्येक नोंदीला आजींचा होकार घ्यायचा. त्यांनी काम स्वीकारले आहे. अट एवढीच की फोन सकाळी सातनंतर आणि पूजेआधी करावा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. नाशिकमध्ये पाडवा पहाट म्हटले की नेहरू चौकातला पिंपळपार डोळ्यांसमोर येतो, आणि बाहेरगावचे पाहुणेही त्यासाठी भल्या पहाटे उठतात. त्याची नोंद मोठ्या अक्षरांत दिली होती, पण खरे तर तिला आमच्या पत्रकाची गरज नाही. गरज होती ती वसाहतींमधल्या लहान कार्यक्रमांना. आम्ही अशाच एका लहान पहाटेला गेलो.

इथेही तो ध्वनिवर्धकाचा नियम आडवा येतो, कारण रात्रीची बंदी सकाळी सहाला उठते. आयोजकांनी सहाची वेळ धरली, ती योग्यच होती, पण या दिवसांत सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो आणि ललत हा राग तर उजाडण्याआधीचा. गायकांनी अर्ध्या तासात ललत आटोपता घेतला आणि ऊन पहिल्या मजल्यावर येईपर्यंत ते अहिर भैरवावर आले होते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पत्रकात वेळ लिहिताना ‘सहा म्हणजे सहा’ असे लिहायला हवे होते, एवढेच माझ्या लक्षात आले, कारण पावणेसातला आलेल्या पंधरा-वीस जणांना ललत मिळालाच नाही.

चुकीच्या तारखेमुळे काल पहाटे दोघे जण रिकाम्या पटांगणात येऊन गेले, असे तिथल्या पहारेकऱ्याने सांगितले. ते कोण होते ते कळले असते तर माफी मागितली असती.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गेल्या सहा आठवड्यांत जाहीर वेळ आणि प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ अशा सतरा कार्यक्रमांच्या नोंदी जमल्या आहेत. व्यावसायिक नाटके सरासरी बारा मिनिटे उशिरा सुरू झाली, शास्त्रीय मैफली पंचवीस मिनिटे, आणि ज्या कार्यक्रमांना प्रमुख पाहुणे होते ते पन्नास मिनिटे. भाचीला हा तक्ता पत्रकात छापायचा होता. काकांनी नको म्हटले आणि मी त्यांच्या बाजूने गेलो: छापला तर प्रेक्षक पन्नास मिनिटे उशिरा येतील आणि मग पाहुणे दीड तास.

एका आयोजकांशी मात्र कटुता आली. ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ असे त्यांनी कळवले होते आणि आम्ही तसेच छापले. प्रत्यक्षात पुढच्या सात रांगा राखीव होत्या, त्या शेवटपर्यंत अर्ध्या रिकाम्या राहिल्या, आणि पत्रक वाचून आलेली वयस्कर माणसे दीड तास भिंतीला टेकून उभी होती. फोनवर त्यांनी सांगितले की निमंत्रितांचा मान ठेवावा लागतो. यापुढे ‘काही’ हा शब्द आम्ही स्वीकारणार नाही. किती रांगा, तो आकडा विचारायचा.

५ नोव्हेंबर, बुधवार

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतात. यंदा त्रिपुरी पौर्णिमाही आजच आली. त्यामुळे संध्याकाळी रंगकर्मी एकीकडे नटराजाची पूजा करणार आणि त्यांच्याच घरची मंडळी दुसरीकडे रामकुंडावर दिवे सोडणार. एकाच दिवशी एका नोंदीच्या कडेला ‘ता’ आणि शेजारच्या नोंदीला ‘ति’ असे पहिल्यांदाच झाले.

या दिवसांचा खरा विषय राज्य नाट्य स्पर्धेचा आहे आणि त्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी हिवाळ्याच्या तोंडाला केंद्रोकेंद्री होते. नाशिक हे त्यांतले एक केंद्र आहे. फेरी चालू असते तेव्हा रोज संध्याकाळी एक वेगळे नाटक, वेगळा संघ, वेगळे नेपथ्य, आणि तिकीट नाममात्र. बँकेत, शाळेत, कारखान्यात दिवसभर काम करून माणसे दोन-दोन महिने रात्री तालमी करतात आणि तो एकच प्रयोग करतात. शिरवाडकर आणि कानेटकर ज्या गावात राहून नाटके लिहीत होते त्या गावातले हे काम आहे. प्रेक्षकांत मात्र परीक्षक, पुढच्या दिवसाचा संघ आणि आज काम करणाऱ्यांचे नातेवाईक एवढेच असतात. मी गेली काही वर्षे हे पाहत आलो आहे आणि दरवेळी पाचव्या रांगेत बसायला मिळाल्याचा आनंद मला थोडा लाजिरवाणा वाटतो.

म्हणून ठरवले की स्पर्धा चालू असताना पत्रकाची पहिली बाजू संपूर्ण तिलाच द्यायची. रोजच्या नाटकाचे नाव, संघाचे नाव आणि विषयाची एक ओळ असेल. ती ओळ संघानेच लिहून द्यायची आहे. काकांनी फोन सुरू केले. पहिल्याच संघप्रमुखांनी विचारले, “म्हणजे आमची जाहिरात? त्याचे पैसे किती?” पैसे नाहीत असे सांगितल्यावर त्यांना संशय आला आणि त्यांनी नंतर कळवतो म्हणून फोन ठेवला. पाऊण तासाने चार ओळी आल्या. भाचीने त्यांतली एक निवडली.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुढच्या टप्प्याची तयारी. फेब्रुवारी-मार्चची पाने आताच आखली. एक सावधगिरी लिहून ठेवतो: कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड विषम वर्षी २७ फेब्रुवारीला दिला जातो आणि गोदावरी गौरव सम वर्षी १० मार्चला. २०२६ हे सम वर्ष आहे, तेव्हा मागच्या पानावरून जनस्थानची ओळ उतरवून घेऊ नये.

आमचे पत्रक नाशिकचे म्हणवते, पण बहुतेक नोंदी शालिमार ते गंगापूर रोड एवढ्या पट्ट्यातल्या आहेत. सिडको आणि नाशिकरोडच्या नोंदी मिळून पाच झाल्या. पेठ-सुरगाण्याकडे चैत्र-वैशाखात मुखवट्यांची सोंगे नाचतात, बोहाडा होतो, पावरी वाजते, आणि तिथून कोणी पत्रिका पाठवत नाही, कारण तिथे ज्याला यायचे असते त्याला ते ठाऊकच असते. भाचीच्या वर्गात सुरगाण्याची एक मुलगी आहे. चैत्राच्या तारखा तिच्या घरून विचारायच्या.

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. घाटावर कामे निघतील तशी पटांगणे कार्यक्रमांना मिळतील की नाही हे दर महिन्याला विचारावे लागेल, आणि मे महिन्याच्या पानावर जागेचा रकाना तूर्त पेन्सिलीनेच भरायचा.

येत्या शनिवारच्या नाटकाचा प्लॅन पाहायला मी आज खिडकीवर गेलो होतो. गृहस्थांनी या वेळी कागद उलटा केला नाही. पाचव्या रांगेपर्यंत फुल्या होत्या. त्यांनी आमच्या पत्रकाची घडी टेबलाच्या काचेखाली ठेवलेली दिसली, आणि त्यावर रविवारची एक ओळ त्यांनी स्वतःच्या पेनने खोडली होती. “रद्द आहे. काल रात्री फोन आला,” ते म्हणाले, “तुमच्या काकांना सांगायचे राहिले.” काकांना लगेच कळवले. उरलेल्या एकोणसाठ प्रतींवर ती ओळ खोडायची आहे. किराणा दुकाने आज, वाचनालये उद्या अकरानंतर.